डबा वाजवला की

रविवार पेठेतल्या त्या दुकानात
ते पाच रुपयांच्या नाण्याएवढं होतं.
दीडशेला एक, अडीचशेला जोडी.
आम्ही एकच घेतलं.
केतकीनं नाव ठेवलं बटण.
दुकानदार म्हणाला, एवढंच राहतं हे, वाढत नाही,
आणि घरात पैसा टिकतो.

पैशाचं माहीत नाही.
बटण वाढलं.
वाडग्यातून घमेल्यात, घमेल्यातून टबात,
सातव्या वर्षी जेवणाच्या ताटाएवढं,
डोळ्यामागे कुंकवाचं बोट ओढल्यासारखा पट्टा
आणि पाण्याला असा वास
की पाहुणे आल्या आल्या उदबत्तीचं कौतुक करायचे.

डबा वाजवला की यायचं.
पत्र्याचा डबा, आत खाण्याच्या गोळ्या,
दोन बोटांनी टक टक टक.
मान अशी लांब काढायचं
जसं काही मीच त्याचं तळं.

केतकी बंगळुरूला गेली.
फोनवर आधी बटणचं विचारायची, मग आईचं,
पुढे पुढे आईचंच.
माझे गुडघे, घराचं रंगकाम,
आणि हिला टब हवा होता.
कारणं द्यायची तर पुष्कळ आहेत.

मार्गशीर्षातली रात्र, साडेअकरा.
स्कूटरवर पायांमध्ये बादली, वर परात.
पाषाण तलावाच्या कडेला चिटपाखरू नव्हतं.
मोकळं केलं, असं मी हिला सांगितलं.
मोकळं.
ते काठाच्या चिखलात थांबून
माझ्याकडे बघत होतं, पाण्याकडे नव्हे.
मीच चपलेच्या टोकानं ढकललं.

रिकाम्या बादलीत थोडी तलावाची माती घरी आली,
विसर्जनाहून पाटावर आणतात तशी.
हिनं काही न बोलता ती कुंडीत टाकली.

म्हणतात, कासवी पिलांना नजरेनं वाढवते,
दूध नाही, ऊब नाही, नुसती नजर.
मी तर परतताना
स्कूटरच्या आरशातही बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी चालायला लावलं म्हणून
चार वर्षांनी पुन्हा त्या काठावर.
किसन साटोटे जाळं झटकत होता.
त्या खडकावर पूर्वी आपली असायची, म्हणाला,
मऊ पाठीची, चिखलाच्या रंगाची.
माणसाची सावली पडली की बुडुक.
आता बघा.

खडकावर दाटीवाटीनं, एकीच्या पाठीवर दुसरी,
तांबड्या पट्ट्यांची.

ही बुडत नाहीत, साहेब. ही वाट बघतात.
जाळ्यात आली तर मासे अर्धे खाल्लेले.
आणि आपली?
दोन पावसाळे झाले, एक दिसलं नाही.
कोण आणून सोडतं, कोण जाणे.

कोण जाणे, मीही म्हणालो.

तो गेल्यावर
चष्म्याचं पत्र्याचं घर खिशातून काढलं,
इकडेतिकडे बघितलं,
आणि दोन बोटांनी
टक टक टक.

खडकावरची भराभर पाण्यात घसरली.
माना वर, रांगेनं नाही, जमेल तशा,
सात, अकरा, मग मोजायचं सोडलं.
सगळी माझ्याकडे.
म्हणजे औंधला, कोथरूडला,
बाणेरच्या कुठल्यातरी बाराव्या मजल्यावर
कुणी ना कुणी डबाच वाजवत होतं.
प्रत्येकाचं काहीतरी नाव असणार.
यातलं बटण कुठलं
मला ओळखता आलं नाही.

खिशात बडीशेपसुद्धा नव्हती.
तरी ती थांबली,
पाण्यात पाय हलवत, तोंडं किंचित उघडी.

तेवढ्यापुरता खडक रिकामा होता.
ओला, उन्हात चकाकणारा.
चिखलाच्या रंगाचं एखादं
आता तरी वर येतंय का,
बघत उभा राहिलो.

खडक हळूहळू वाळला.